सांगलीच्या घरात माँटेसरी: साहित्य विकत घेण्याआधी काय काय करता येतं

मे महिना संपत आला की विश्रामबागपासून मिरजेपर्यंत भिंतींवर आणि रिक्षांच्या पाठीवर बालवाड्यांच्या जाहिराती दिसू लागतात. त्यांतल्या बऱ्याच जाहिरातींत ‘माँटेसरी’ असतंच: मुलाने स्वतःच्या हातांनी कामं करत शिकायची पद्धत. मग पालक विचारायला येतात की घरीही असं काही करता येईल का आणि त्यासाठी कोणता लाकडी संच मागवावा. मी बालवाडीत शिकवते आणि या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: अजून काहीही मागवू नका. दोन ते सहा वर्षांच्या मुलाला जे लागतं त्यातलं बहुतेक तुमच्या स्वयंपाकघरात, परसात, फार तर गणपती पेठेतल्या दुकानांत आहे. उणीव असते ती मुलाच्या हाताला येईल अशा मांडणीची आणि थांबून बघणाऱ्या मोठ्या माणसाची.

हे मी पैसे वाचवायचे म्हणून सांगत नाही. या पद्धतीचा उगमच तसा आहे. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) मुळात डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. आईबाप दिवसभर कामावर जात आणि पोरं इमारतीत मोकाट फिरून भिंती खराब करत; ती कुठेतरी गुंतावीत म्हणून मालकांनी खोली दिली. तिथे खेळणीही होती, पण मुलं त्यांच्याकडे फारशी वळली नाहीत. हात धुणं, बटणं लावणं, लाकडी ठोकळ्यातल्या नेमक्या खाचेत दंडगोल बसवणं यात ती रंगली. तीनेक वर्षांची एक मुलगी ते दंडगोल बसवत होती. माँटेसरींनी बाकीच्या मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, मग तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालूच ठेवलं. चाळीसहून अधिक वेळा तेच करून ती थांबली, तेव्हा थकलेली नव्हती, उलट ताजीतवानी दिसत होती.

आपल्याकडे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० साली गुजरातेत भावनगरला याच पद्धतीचं बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करत होत्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ ही संस्था काढली. पुढे आताच्या पालघर जिल्ह्यात, १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गरिबांच्या, आदिवासींच्या मुलांसाठी हेच शिक्षण उभं केलं, आणि तिथे महागड्या परदेशी साहित्याच्या जागी पानं, बिया, शिंपले, खडे, माती आणली. बालवाडी अंगणात भरवायची, म्हणून ती अंगणवाडी. ज्यांना हे काम घरी करायचंय त्यांनी कोसबाडची वाट धरावी असं मला मनापासून वाटतं.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा

एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. मूल काय करत होतं, किती वेळ करत होतं, आणि त्याला कोणी थांबवलं. दिवसातून पाच-सहा नोंदी पुरेत. नोंदी साधारण अशा दिसतात: ‘दारातल्या चपला जोडीने लावत होती, आजोबांनी उचलून घेतलं.’ ‘पोह्यांच्या डब्याचं झाकण उघडत-लावत होता, आत्याने डबा काढून घेतला.’ ‘न्हाणीघरात मगाने बादलीत पाणी ओतत होता, मी ओरडले.’

तिसरा रकाना सगळ्यात बोलका असतो. आठवड्याने वही वाचली की लक्षात येतं, आपण ज्याला पसारा किंवा नाद म्हणत होतो ते त्याचं काम होतं, आणि आपण ते दिवसभर मोडत होतो. दीड ते तीन वर्षांच्या मुलांना क्रमाची विलक्षण ओढ असते. आंघोळीनंतर आधी पावडर मग कपडे हा क्रम उलटला तर ती आकांत करतात, आणि घरातले म्हणतात हट्टी आहे. ते हट्टीपण नव्हे. जग कुठल्या क्रमाने चालतं हे त्याने नुकतं जुळवलेलं असतं आणि आपण ते विस्कटतो. अशा काळाला माँटेसरी संवेदनशील काळ म्हणतात. भाषेचा असा काळ असतो, हालचालीचा असतो, मुंगी किंवा मण्यासारख्या बारीक वस्तूंचाही असतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी कामं या वहीतून निवडा. ओतत असेल तर ओतण्याची, झाकणं उघडत असेल तर झाकणांची, जड वस्तू ओढत असेल तर ओढण्या-उचलण्याची. शेजारच्या मुलाला काय येतं ते या वहीत येत नाही.

दुसरी पायरी: घर त्याच्या उंचीला आणा

मोठी खोली लागत नाही. स्वयंपाकघरातल्या मांडणीचा खालचा कप्पा मोकळा करून त्यात मुलाचं ताट, वाटी, छोटा पेला, हात पुसायचं फडकं ठेवा. तहान लागली की स्वतः घेता यावं म्हणून छोट्या तांब्यात पाणी भरून ठेवा. बेसिनपाशी न डगमगणारं स्टूल, दाराजवळ त्याच्या खांद्याच्या उंचीवर खुंटी, कपड्यांसाठी खालचा खण. एका फळीवर किंवा बैठ्या स्टुलावर चार-पाच ताटल्या, प्रत्येक ताटलीत एकच काम आणि त्याला लागणारं सगळं. बाकीची खेळणी पेटीत भरून माळ्यावर टाका आणि दर आठ-पंधरा दिवसांनी अदलाबदल करा. खोलीभर खेळणी असली की मूल एकातही रमत नाही, हे कुठल्याही वाढदिवसानंतर दिसतं.

सुरक्षेचं आधी बघा. फिनेल, औषधं, सुऱ्या वर आणि बंद. आपल्याकडे द्राक्षबागेची घरं पुष्कळ. फवारणीची औषधं, मोरचूद, त्यांची रिकामी डबडी, मोजायचे कप हे सगळं घराबाहेर, कुलपात असलं पाहिजे. ‘याला सांगितलंय, हात लावत नाही’ यावर कधीही विसंबू नका.

तिसरी पायरी: काम दाखवायचं कसं

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे, म्हणून जरा थांबून सांगते. ओतण्याचं काम घेऊ. ताटलीत दाणे मावतील एवढे दोन सारखे छोटे मग किंवा किटल्या, एकीत अर्ध्यापर्यंत ज्वारी. बाजूला एक रिकामी वाटी.

१. ‘आज मी तुला ओतायला दाखवते’ एवढंच बोला. ताटली दोन्ही हातांनी उचलून आणा; नंतर मूल तशीच आणणार आहे.

२. मुलाला अशा बाजूला बसवा की तुमचे हात त्याला नीट दिसतील. तुम्ही उजव्या हाताने काम करत असाल तर ते डावीकडे बसू दे.

३. कान पकडा, दुसऱ्या हाताने तोटीखाली आधार द्या, तोटी दुसऱ्या भांड्याच्या मधोमध आणा, मग कलंडवा. तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने.

४. शेवटचा दाणा पडेपर्यंत थांबा. त्याकडे बघा, म्हणजे तेही बघेल.

५. ताटलीत सांडलेला एखादा दाणा चिमटीने उचलून वाटीत टाका.

६. पुन्हा पहिल्या भांड्यात ओता आणि ताटली त्याच्यापुढे सरकवा.

हे चालू असताना बोलू नका. एक तर हात दाखवा, नाहीतर बोला. दोन्ही एकदम केलं की मूल तुमच्या तोंडाकडे बघतं आणि हात निसटतात. ज्वारी जमली की पाणी घ्या, आणि पाणी तेवढंच घ्या जेवढं सगळं सांडलं तरी तुम्हाला राग येणार नाही. ताटलीतच छोटं फडकं ठेवा, कारण पुसणं हे त्याच कामाचं शेवटचं टोक आहे. माझा आग्रह आहे की कधीतरी चिनी मातीचा कपही द्यावा. प्लॅस्टिक पडलं तर काहीच होत नाही, म्हणून प्लॅस्टिक जपायला मूल शिकत नाही.

आमच्या बालवाडीत एक तीन वर्षांची मुलगी असंच ओतत होती. पाणी काठाशी आलं की तिचा हात थबके, जीभ दातांत येई, श्वास रोखलेला. एक थेंब ताटलीत पडला. तिने किटली खाली ठेवली, फडक्याची घडी उलगडली, थेंब टिपला, घडी पुन्हा घातली आणि परत ओतायला लागली. दारात तिची आजी न्यायला आली होती. ‘आगं सांडंल की ती!’ म्हणत आजी पुढे सरल्या तेव्हा मी त्यांचा हात धरून ठेवला. पुढच्या तीन वेळा पाणी सांडलं नाही. मग तिने वर बघितलं, पण आमच्याकडे नाही. खिडकीकडे, आणि स्वतःशीच हसली. त्या क्षणी कोणी टाळ्या वाजवल्या असत्या तर तिचं लक्ष पाण्यावरून टाळ्यांकडे गेलं असतं.

चौथी पायरी: खरी कामं

दोन वर्षांचं मूल बटाटे टोपलीत भरतं, पालक पाण्यात खळबळतं, ओला रुमाल दोरीवर टाकतं. तीन वर्षांचं मटार सोलतं, बोथट सुरीने केळं कापतं, पोळीची घडी घालतं. चार वर्षांच्या मुलाला लसूण सोलायला द्या, कणकेचा गोळा मळायला द्या, ताक घुसळायला द्या. पाच वर्षांचं काकडीची कोशिंबीर जवळजवळ एकट्याने करतं.

सांगलीत राहून भडंग न करणारं घर विरळा, आणि भडंग हे मुलासाठी फार चांगलं काम आहे. लसूण ठेचायचा, चुरमुरे चाळून घ्यायचे, मसाला वाटीने मोजायचा. फोडणी मोठ्यांनी करायची आणि तेल पुरतं निवू द्यायचं. मग मोठ्या परातीत दोन्ही हातांनी कालवायचं काम पूर्ण त्याचं. खाली चुरमुरे पडणारच. केरसुणी आणि सुपली आधीच जवळ ठेवा, छोट्या दांड्याची.

एक सावधगिरी मात्र कडक पाळा. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे खायला देऊ नका आणि द्राक्षं उभी चिरूनच द्या. गोल, गुळगुळीत द्राक्ष श्वासनलिकेत नेमकं अडकतं. हंगामात घरोघरी करंड्या असतात, तेव्हा हे पाहुण्यांनाही सांगून ठेवा. दाणे-बिया निवडायचं काम चालू असताना मोठं माणूस शेजारी हवंच, आणि जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याला बारीक वस्तू नकोतच.

पाचवी पायरी: डोळे, बोटं, नाक

माँटेसरी वर्गातला गुलाबी मनोरा सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. दहा घन, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा. सगळे एकाच रंगाचे आणि एकाच आकाराचे, फरक फक्त लहान-मोठेपणाचा. एका वेळी एकच गुण वेगळा काढून मुलापुढे ठेवायचा, हे त्यामागचं तत्त्व. दुसरं तत्त्व, चूक साहित्यानेच दाखवावी, मोठ्याने बोट दाखवू नये. हे दोन्ही तुमच्या घरात आहे: एकात एक बसणारे स्टीलचे डबे. चुकीचं झाकण बसतच नाही, आणि मोठा डबा छोट्यात जात नाही. तुम्हाला ‘चुकलं’ म्हणायची गरजच उरत नाही.

तासगावचे बेदाणे तीन रंगांचे मिळाले तर मूठ-मूठ मिसळून तीन वाट्यांत निवडायला द्या. सारख्या डब्यांच्या तीन जोड्या घ्या, एका जोडीत ज्वारी, दुसरीत मीठ, तिसरीत चिंचोके. झाकणं चिकटपट्टीने पक्की करा आणि हलवून, कानाने ऐकून जोड्या लावायला सांगा. हळकुंड, धने, दालचिनी कापडात बांधून डोळे मिटून ओळखायला द्या. हळदीच्या गावातल्या मुलाला हळकुंड वासावरून कळलं पाहिजे!

शब्द शिकवताना तीन टप्प्यांचा पाठ घ्या. फ्रेंच डॉक्टर सेगँ यांच्याकडून माँटेसरींनी तो घेतला. नारळाची करवंटी आणि स्टीलची वाटी समोर ठेवा. करवंटीवरून त्याचं बोट फिरवा: ‘खडबडीत.’ वाटीवरून फिरवा: ‘गुळगुळीत.’ हा पहिला टप्पा, यात फक्त नाव सांगायचं. दुसऱ्यात मागायचं: ‘मला खडबडीत दे. गुळगुळीत आजीच्या हातात ठेव. खडबडीत पाठीमागे लपव.’ हा टप्पा हवा तेवढा लांबवा, कारण मुलांना तो खेळ वाटतो आणि शब्द इथेच मुरतो. तिसऱ्यात विचारायचं: ‘हे कसं आहे?’ चुकलं तर काही न बोलता आवरून ठेवा आणि दोन दिवसांनी पहिल्यापासून घ्या. आपल्या घरांत पाहुणे आले की मूल थेट तिसऱ्या टप्प्यावर उभं केलं जातं: ‘सांग बघू, हा कुठला रंग?’ आधीचे दोन टप्पे झालेलेच नसतात, आणि मूल पदराआड जातं.

सहावी पायरी: अक्षरं, पण कित्त्याशिवाय

सुरुवात कानाने करा. ‘मला घरात एक वस्तू दिसतेय, ती म ने सुरू होते.’ मग, मीठ, मका, मांजर. स्कूटरवर, भाजी घेताना, कुठेही खेळा. काही दिवसांनी शेवटचा आवाज ओळखायला लावा.

मग बोट. हार्डवेअरच्या दुकानातला बारीक पॉलिश पेपर आणा, त्यातून अक्षरं कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. दोन बोटांनी, लिहिण्याच्या दिशेने अक्षर गिरवायचं आणि आवाज म्हणायचा. ताटात पसरलेली रांगोळीही चालते. क्रम बाराखडीचा नको. ग, म, भ, न आधी घ्या. वळणं सारखी आहेत आणि लगेच शब्द होतात. यासाठी पुठ्ठ्याची सुटी अक्षरं कापा, प्रत्येक अक्षर चार-पाच वेळा, मात्रा वेगळ्या रंगाच्या. मन, नग, गगन, नमन. काना आला की मामा, नाग, मान. हातात पेन्सिल धरण्याइतकी बोटं तयार नसलेलं मूल अशा सुट्या अक्षरांनी शब्द ‘लिहितं’, आणि वाचन त्याच्या मागून येतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, चुकू द्या. रेघांच्या वहीत पानंच्या पानं गिरवून घेणं तीन-चार वर्षांच्या मुलाकडून करवू नका. शेंगा सोलणं, चिमटीने दाणे उचलणं, कणीक मळणं हीच त्या बोटांची तयारी आहे.

अंकांचं थोडक्यात: आधी वस्तू, मग चिन्ह. दहा चिंचोके मोजून पुरचुंडी, दहा पुरचुंड्यांची एक पिशवी. शंभर केवढे असतात ते हातात वजनाने कळू दे.

सातवी पायरी: मोकळीक आणि मर्यादा

मुलाच्या कलाने घेणं याचा अर्थ ते म्हणेल ते करणं असा नाही. तीन नियम घरात सगळ्यांना सारखे ठेवा: स्वतःला दुखवायचं नाही, दुसऱ्याला दुखवायचं नाही, वस्तू मोडायची नाही. ज्वारी फेकायला लागलं तर आवाज न चढवता सांगा, ‘ज्वारी ओतायची असते. आज हे ठेवून देऊ, उद्या पुन्हा काढू.’ आणि खरंच ठेवून द्या. जिथे निवड आहे तिथे दोनच पर्याय द्या: ‘आधी दात की आधी कपडे?’ जिथे निवड नाही तिथे प्रश्न विचारू नका. ‘आता शाळेत जायचं ना?’ हा प्रश्न नव्हेच, पण मूल त्याला उत्तर देतं.

उठसूट ‘शाब्बास’ऐवजी जे दिसलं ते सांगा: ‘सगळे डबे लावलेस.’ आणि रोज निदान तासभर असा ठेवा की त्यात मोबाईल नाही, टीव्ही नाही आणि मूल कामात असताना ‘दूध पी’ म्हणून हाकही नाही. नोकरी करणाऱ्या आईवडिलांना रोज जमत नसेल तर शनिवार-रविवारची सकाळ पक्की धरा.

घरातल्या मोठ्यांना हे पटवावं लागतं. ‘एवढ्याशा पोराला कामाला लावता?’ असं आजी-आजोबा म्हणणारच. त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण द्या. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी स्वावलंबन हेच शिक्षणाचं ब्रीद केलं, आणि वसतिगृहातली मुलं शेतापासून स्वयंपाकापर्यंत सगळं स्वतः करत. वाळव्याकडच्या कितीतरी आजोबांनी ते जवळून पाहिलेलं आहे. शिवाय आजोबांना स्वतंत्र काम द्या: संध्याकाळी गणपती मंदिरापासून कृष्णेच्या घाटापर्यंत नातवाच्या चालीने चालायचं. मूल थांबेल तिथे थांबायचं, खडा उचलेल तर बघायचं, आयर्विन पुलावरच्या गाड्या मोजेल तर मोजू द्यायच्या. घाटावर मात्र हात सोडायचा नाही. उचलून घ्यायची घाई नसलेलं माणूस घरात बहुधा आजोबाच असतात.

बालवाडी निवडताना

‘माँटेसरी’ हे नाव कोणीही लावू शकतं, त्यावर कोणाची मालकी नाही. म्हणून फलक वाचून थांबू नका. वर्ग चालू असताना अर्धा तास कोपऱ्यात बसू देतील का, ते विचारा. बसलात की बघा: साहित्य मुलांच्या हाताला येतं की कपाटात काचेआड आहे? तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र आहेत का, आणि मोठी मुलं लहानांना दाखवतात का? अडीच-तीन तासांचा सलग वेळ मिळतो की दर अर्ध्या तासाने घंटा होते? ताई खाली बसून बोलतात की लांबून हाका मारतात? तीन वर्षांच्या मुलाला गृहपाठ असेल तर बाकीचं काही विचारायची गरज नाही.

फी परवडत नसेल तर जवळच्या अंगणवाडीत जा. १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बाल विकास योजनेतल्या या अंगणवाड्यांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आहार मोफत मिळतो. तिथल्या सेविकाताईंना तुमची वही दाखवा, आणि घरी केलेल्या दोन-तीन ताटल्या, आवाजाचे डबे, पॉलिश पेपरची अक्षरं त्यांच्याकडे द्यायची तयारी ठेवा. चार पालकांनी मिळून एका रविवारी बसून कापली तर पूर्ण वर्णमाला एका दिवसात तयार होते.